छत्तीस रजिस्टरांची सरासरी

सरासरी काढायला अक्कल लागत नाही, हे आधीच सांगून टाकते. बेरीज करायची, भागायचं, झालं. अक्कल लागते ती आपण कशाची सरासरी काढतोय हे कळायला, आणि ती तेव्हा माझ्याकडे नव्हती. पदवी होती, तिचा कागद आईने काच लावून भिंतीवर टांगला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती तो दाखवायची. मी इतकी चिडायचे की विचारू नका.

त्याच पदवीवर मला छापखान्यात नोकरी लागली. आईच्याच छापखान्यात. सरकारी छापखाना, खाली यंत्रं, वर शिवणखातं. शिवणखातं म्हणजे एक लांबलचक टेबल आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा बायका. इस्पितळांची, कोर्टांची, शाळांची जाडजूड रजिस्टरं तिथे हाताने शिवली जायची. घडी घातलेल्या पानांचा एक गठ्ठा म्हणजे जुज. अशी बारा जुजं एकावर एक ठेवायची, मेण लावलेल्या दोऱ्याने एकेक करून शिवायची, गाठ मारायची आणि पुठ्ठ्यासाठी पुढे ढकलायची. हे काम यंत्राने होत नाही असं नाही, पण यंत्राची शिवण दोन वर्षांत उसवते आणि रजिस्टर पार मधोमध उघडत नाही. आमच्या बायकांनी शिवलेलं रजिस्टर तीस वर्षं टिकतं. हे मी कौतुकाने बोलत नाहीये, मी पाहिलंय.

आई त्या टेबलावर सगळ्यांत जुनी. सगळ्या तिला मोठीबाई म्हणायच्या. माझे वडील मी चौथीत असताना गेले, त्यानंतर शाळा सुटली की मी थेट त्या टेबलाखाली जाऊन बसायचे. अभ्यास तिथे, झोप तिथे, मारही तिथेच खाल्ला, आणि तोही कुणाकुणाचा! आईच्या शेजारी बसायची ती चष्मेवाली मावशी. तिचा चष्मा इतका जाड की तिचे डोळे समोरून वाटाण्याएवढे दिसायचे. पाढे मला तिने शिकवले. एकोणतिसाच्या पाढ्यात अडले की ती सुईचं बोथट टोक पायाला टोचायची.

तर अशा ठिकाणी मी सांख्यिकी सहायक म्हणून रुजू झाले. पहिले सहा महिने कच्ची नोकरी, काम बघून पक्की करणार. साहेब नवीन होते. माणूस वाईट नव्हता, हे मला कबूल करावं लागतं, आणि कबूल करताना दात-ओठ खावे लागतात. चौथ्या महिन्यात त्यांनी मला बोलावलं.

"एक रजिस्टर शिवायला चाळीस मिनिटं लागतात, असं आपण कित्येक वर्षं धरून चाललोय," ते म्हणाले. "त्यावरच बारा बायका ठेवल्यात. हे चाळीस कुणी ठरवलं?"

"माहीत नाही, साहेब."

"कुणालाच माहीत नाही. मला वाटतं वेळ कमी लागतो. तुम्ही मोजा. चाळीसच निघाली तर मी गप्प बसेन, बाराच्या बारा राहतील. कमी निघाली तर जास्तीच्या बायका कमी कराव्या लागतील. वरून दट्ट्या आहे. वयाने मोठ्या असतील त्यांच्यापासून सुरुवात."

वयाने मोठी म्हणजे माझी आई. निवृत्तीला तिचं दीड वर्ष राहिलं होतं. तिच्या खालोखाल चष्मेवाली मावशी.

"तुमची आई आहे तिथे. तुम्हाला जमेल ना?"

"जमेल," मी म्हटलं. का म्हटलं? कारण मला खात्री होती. माझं अर्धं लहानपण त्या टेबलाखाली गेलं होतं. शाळेतून आल्यावर एक रजिस्टर होईपर्यंत गृहपाठ आणि दुसरं होईपर्यंत डुलकी, असा माझा हिशोब असायचा. चाळीस म्हणजे चाळीसच. मी मनात म्हणत होते, मोजून घे बाबा, चांगला तोंडावर पडशील. आणि माझ्याच हातून पडशील, आईच्या टेबलाला पुन्हा कुणी हात लावणार नाही. मला लढाई जिंकायची होती हो. आधीच जिंकलेली लढाई.

"आणि एक," साहेब म्हणाले, "कशासाठी मोजतोय हे त्यांना सांगायचं नाही. कळलं तर हात आखडता घेतील, मग आकड्यांना काय किंमत?"

हे मला पुस्तकातही शिकवलेलं होतं. मी मान डोलावली.

आता ही परीक्षा कशी असते ते थोडक्यात सांगते, घाबरू नका. जुना समज खरा धरून चालायचं. आपला जुना समज, सरासरी चाळीस. सगळी रजिस्टरं मोजणं शक्य नसतं, म्हणून त्यातली थोडी, कुठलाही वशिला न लावता उचलायची आणि मोजायची. त्यांची सरासरी चाळिसाच्या आसपास आली तर जुना समज तसाच ठेवायचा. थोडंफार इकडेतिकडे व्हायचंच, ते योगायोगाने होतं. पण फरक योगायोगात बसणार नाही इतका मोठा निघाला, तर जुना समज मोडीत काढायचा. एवढंच.

टेबलाला दिवसाला एकशे चव्वेचाळीस रजिस्टरं नेमून दिलेली असायची. मी तितक्या नंबरांच्या चिठ्ठ्या केल्या, बिस्किटांच्या डब्यात घातल्या आणि रोज सकाळी चार काढायच्या असं ठरवलं. नऊ दिवस, छत्तीस रजिस्टरं. ज्या बाईच्या हाती तो नंबर येईल तिच्या मागे घड्याळ घेऊन उभं राहायचं.

पहिल्या दिवशी टेबलाने मला फाडून खाल्लं. "आली बघा घड्याळबाई!" "अगं, उभी काय राहतेस पहारेकऱ्यासारखी, बस की मांडीवर, लहानपणी बसायचीस तशी!" चष्मेवाली मावशी म्हणाली, "मला किती मार्क देणार? आधी एकोणतिसाचा पाढा म्हणून दाखव." मी लाल झाले. त्या दिवशीची चार रजिस्टरं एक्केचाळीस, अडतीस, त्रेचाळीस आणि पुन्हा अडतीस मिनिटांत झाली. त्रेचाळीस मावशीचं. ती मध्येच चष्मा पुसत बसली आणि जावयाची एक लांबलचक तक्रार सांगितली. चारांची सरासरी बरोब्बर चाळीस. मी जिना उतरताना शिट्टी वाजवत होते.

घरी जेवताना आईने विचारलं, "हे मोजणं कशाचं गं?"

"कामाचं आहे, आई. सांगता येत नाही."

"बरं. तुझं पक्कं व्हायचं ते यावरच का?"

"साहेब माझं हे काम बघतील, मग ठरवतील." यात खोटं काही नव्हतं. मी घास घेतला आणि विषय संपला. माझ्यापुरता संपला.

दुसऱ्या दिवशी टेबल गप्प होतं. त्या टेबलाला गप्प बसलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. तिथे सतत कुणीतरी कुणाशी तरी भांडत असायचं, नाहीतर गुणगुणत असायचं. मला वाटलं, माझ्यामुळे अवघडल्यात. सकाळपासून चार रजिस्टरं मोजली. चौतीस, बत्तीस, पस्तीस, एकतीस. तिसऱ्या दिवशीही तसंच. नुसता दोऱ्याचा सरसर आवाज. मी पाठीमागे उभी राहून घड्याळ बघत होते. हातांकडे बघायला हवं होतं, मी काट्याकडे बघत होते.

पाचव्या दिवशी चिठ्ठी आईच्या रजिस्टरची निघाली. तिने खुर्ची पुढे ओढली आणि माझ्याकडे एकदाही न बघता सुरुवात केली. सुई आत, सुई बाहेर, दोरा ओढ, पुढचं जुज. अकराव्या जुजाला तिने डावा हात क्षणभर टेबलाखाली नेला, अंगठ्याभोवती रुमाल गुंडाळला आणि परत वर आणला. शेवटची गाठ मारून तिने वर पाहिलं.

"किती?"

"एकोणतीस."

"अगंबाई!" सगळ्या ओरडल्या. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. आई छप्पन्न वर्षांची, आणि तिच्या कपाळावर घाम होता. सांगायला लाज वाटते, पण मला तेव्हा अभिमान वाटला. ही माझी आई, असं वाटलं. त्या आकड्याचा अर्थ काय होतो हे माझ्या मनाला शिवलंसुद्धा नाही. पदवीधर ना मी!

नऊ दिवस संपले आणि मी हिशोबाला बसले. आकडे लहानाकडून मोठ्याकडे असे ओळीने लावले, आम्हाला तशीच सवय लावलेली असते. बेरीज केली, छत्तीसने भागलं. सरासरी चौतीस.

पुन्हा केली. चौतीस.

आकडे सरासरीपासून किती विखुरलेत ते काढलं, ते साधारण तीन मिनिटं आलं. रजिस्टरं छत्तीस, छत्तिसाचं वर्गमूळ सहा. तिनाला सहाने भागलं, अर्धं मिनिट. म्हणजे या सरासरीत योगायोगाने फरक पडला तर साधारण अर्ध्या मिनिटाचा पडेल. त्याच्या दुप्पट-अडीचपट फरक निघाला तरी जुना समज मोडीत काढतात. माझा फरक सहा मिनिटांचा. बारा पट! इतका स्पष्ट निकाल मी पुस्तकातल्या गणितातही पाहिला नव्हता.

पायाखालची वाळू सरकली म्हणजे काय ते मला त्या खुर्चीत कळलं. चार वेळा हिशोब केला. दर वेळी मनात म्हणायचे, कुठेतरी चुकू दे, देवा, एखादी बेरीज तरी चुकू दे. बेरीज कुठली चुकायला, मावशीने सुया टोचून शिकवलेली.

खोटा आकडा लिहायचं मनात आलं का? आलं. नाही लिहिला. त्याचं कौतुक करू नका, मलाही ते वाटत नाही. अहवाल साहेबांच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी तिथेच कागदावर मांडलं. एकशे चव्वेचाळीस रजिस्टरं, प्रत्येकी चौतीस मिनिटं, आठ तासांचा दिवस. उत्तर आलं दहा पूर्णांक दोन. ते पूर्णांक दोन त्यांनी पेनाने खोडलं. "दहा," ते म्हणाले. "दोन जणी कमी. काम स्वच्छ केलंत तुम्ही, मला आवडलं."

दोन नावं दुसऱ्या दिवशी दुपारी फलकावर लागली. पहिलं आईचं, दुसरं मावशीचं. महिनाअखेरपर्यंत.

मी वर गेले तेव्हा आई पाणी आणायला गेली होती. मावशी सुयांच्या डबीचं झाकण लावत होती. मला बघून ती हसली, तिचं नाव फलकावर होतं तरी हसली.

"ये गं. आमचं काय ते झालं, जाऊ दे. तुझं काम कसं झालं ते सांग. साहेब खूश झाले ना?"

"हो," मी कसंबसं म्हटलं.

"झालेच पाहिजेत! अगं, नऊ दिवस मान वर केली नाही आम्ही. पहिल्या दिवशी मी तुला त्रेचाळीस मिनिटं लावली ना, तर दुसऱ्या दिवशी सकाळी मोठीबाईने माझी अशी खरडपट्टी काढली म्हणतेस! म्हणाली, पोरीची परीक्षा चाललीय, तिची नोकरी कच्ची आहे, आणि तुम्ही जावयाच्या गोष्टी कसल्या सांगता? तिचं काम चांगलं दिसलं पाहिजे. मग काय, सगळ्यांनी कंबर कसली. मी तर घरून सुया ओवून आणायचे, चाळीस-चाळीस. मोठीबाई सकाळी तासभर आधी येऊन बारा जणींच्या दोऱ्याला मेण लावून ठेवायची. जेवणाच्या सुट्टीत जुजं लावून ठेवायचो. जेवलो कुठे आम्ही धड! तुझ्या घड्याळापुढे नुसती शिवण तेवढी उरायची."

मी तोंड फिरवून डोळे पुसले.

"अगं, रडतेस कशाला वेडे? आम्हाला आज ना उद्या जायचंच होतं."

मी जिन्यावरून धावत खाली गेले. खणातून मूळ चिठ्ठ्या काढल्या, ज्यांवर त्या-त्या वेळी आकडे लिहिले होते, आणि या खेपेला तारखेप्रमाणे लावल्या. पहिला दिवस चाळीस. नंतरच्या बत्तीस रजिस्टरांची सरासरी सव्वातेहतीस. मधे अशी उभी पायरी, की आंधळ्यालाही ठेच लागावी. मी आकडे लहान-मोठे लावत बसले आणि दिवसांची ओळ मोडून टाकली, त्यात ती पायरी गडप झाली. एकदा, फक्त एकदा तारखेने लावून बघितलं असतं तर!

चिठ्ठ्या घेऊन मी साहेबांच्या खोलीत शिरले, दारही वाजवलं नाही.

"साहेब, अहवाल चुकलाय. त्यांनी घाई केली. माझ्यासाठी केली. हा नमुना त्यांच्या रोजच्या कामाचा नाहीच."

त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पहिल्या दिवशीची किती रजिस्टरं?"

"चार."

"चार रजिस्टरांवरून काही ठरवता येत नाही, हे तुम्हीच मला समजावलं होतंत."

"म्हणून तर पुन्हा मोजू या म्हणते."

"निकाल आवडला नाही म्हणून? आणि तोही तुमच्या आईचं नाव लागल्यावर?" ते रागावून बोलले नाहीत, तेच मला जास्त लागलं. मी रडायला लागले. मला स्वतःचा इतका संताप आला, पण डोळे थांबेनात.

त्यांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "ठीक आहे. तुमच्या आई त्या टेबलावर ज्येष्ठ आहेत. त्यांना बोलावतो. त्यांनी सांगितलं की नेहमीपेक्षा घाई केली, तर ही यादी आत्ता फाडतो. पुन्हा मोजू, तुमच्याऐवजी दुसरं कुणीतरी मोजेल. मला कुणाच्या पोटावर पाय देण्याची हौस नाही. चालेल?"

चालेल काय, मी त्यांच्या पाया पडायच्या बेतात होते. "तिला एवढंच सांगा साहेब, की हो म्हटलं तर..."

त्यांनी हात वर केला. "ते सांगितलं तर त्यांच्या उत्तराला काय किंमत? तुम्ही मध्ये एक शब्द बोलायचा नाही."

माझंच पुस्तक त्यांनी माझ्यावर उलटवलं. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

आई आली. हात पुसत आली, अंगठ्याला पट्टी होती. आत पाऊल टाकताच तिने मला पाहिलं. सुजलेले डोळे, लाल नाक, हातात चुरगळलेल्या चिठ्ठ्या. तिचा चेहरा असा कडक झाला, जसा शाळेतून माझी तक्रार आली की व्हायचा.

"बसा बाई," साहेब म्हणाले. ती बसली नाही. "तुमच्या मुलीचं मोजमाप चुकलंय असं बोलणं चाललंय. मला खरं सांगा. त्या नऊ दिवसांत तुम्ही सगळ्यांनी नेहमीपेक्षा भराभर काम केलंत का?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, हो म्हण, हो म्हण! साहेब म्हणाले, "तिकडे नाही, इकडे बघा."

"नाही, साहेब," आई म्हणाली. "आमचा रोजचाच हात आहे."

"नीट आठवा. आधी येऊन दोऱ्याला मेण लावणं, सुट्टीत जुजं लावणं, असं काही?"

"ते आम्ही नेहमीच करतो."

"अंगठ्याला काय झालं?"

"घरी सुरी लागली."

"आई!" मी ओरडले. "खरं सांग ना गं!"

"खरंच सांगतेय. तू रडू नकोस." मग ती साहेबांकडे वळली, आणि मी तिला इतक्या ठासून बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "यादी तुम्ही केलीत, ती तुमची मर्जी. त्यात पोरीचा काय दोष? तिने जे लिहिलंय ते मिनिटाला मिनिट बरोबर आहे. टेबलावर सगळ्यांत मोठी मी, मी सांगते. दुसऱ्या कुणाला विचारायची गरज नाही."

साहेबांनी आणखी एकदा विचारलं, ते मात्र खरं. तिसऱ्यांदाही तिने तेच उत्तर दिलं. मग त्यांनी कागद पुढे ओढला आणि माझ्याकडे न बघता त्यावर सही केली.

नंतर मी लेखी अर्ज केला, दोनदा. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं, की ज्येष्ठ कर्मचाऱ्याचं म्हणणं विचारात घेण्यात आलं आहे. टेबलावरच्या बाकीच्या बायकांना मी विचारत फिरले, तर त्यांनीही तोंडातून अक्षर काढलं नाही. मोठीबाईने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, की काही विचारलं तर रोजचाच हात आहे म्हणायचं, पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे. मावशीसुद्धा, जिने मला सगळं सांगितलं होतं, ती जाड भिंगांमागून माझ्याकडे बघत म्हणाली, "मी कधी असं म्हटलं गं?" आणि डोळा मारला. स्वतःची जागा जात होती आणि ही बाई मला डोळा मारत होती.

महिनाअखेरीस दोघी गेल्या. मावशी मुलीकडे राहायला गेली, दुसऱ्या गावी. जाताना तिने मला जवळ घेतलं आणि म्हणाली, "नाव काढ." मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून इतकी हमसून रडले की तिचा चष्मा खाली पडला.

आईच्या अंगठ्याची जखम भरली, पण बोट पुरतं वळेना. दिवसभर ती घरात एकटी. मी संध्याकाळी परतले की ती खिडकीशी बसलेली असायची, हात मांडीवर, तळवे वर करून. बत्तीस वर्षं त्या हातांत काहीतरी होतं, आता काय करायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी विचारायचे, काय केलंस आज? ती म्हणायची, काही नाही, बसले. कधी म्हणायची, आता टेबलावर चहाची वेळ झाली असेल. मग लगेच दुसरं काहीतरी बोलायची. मला ते बघवायचं नाही आणि टाळताही यायचं नाही. मी उगाच तिच्यावर खेकसायचे, पुढचं दार उघडं का टाकलंस, दिवा का नाही लावलास. असला घाणेरडा स्वभाव माझा.

सहाव्या महिन्याच्या शेवटी माझं पत्र आलं. नोकरी पक्की. शेरा होता, कामात काटेकोर. मला ते पत्र फाडायचं होतं. आईने ते माझ्या पिशवीतून काढलं, खिडकीच्या उजेडात धरून दोनदा वाचलं आणि तिचा चेहरा असा उजळला, जसा फलक लागल्यापासून एकदाही उजळला नव्हता.

"झालं ना पक्कं!"

"आई, त्या दिवशी तू साहेबांपुढे खोटं का बोललीस?" इतके दिवस गिळलेलं बाहेर पडलं. माझा आवाज चढला होता.

"मग काय करणार? मी आत आले तर ते तुला धारेवर धरतायत, आणि तुझं तोंड एवढंसं झालेलं. तुझं मोजमाप चुकलंय, म्हणाले. मी हो म्हटलं असतं तर तुझी नोकरी राहिली असती का? माझं नाव तर लागलंच होतं, ते थोडंच पुसलं जाणार होतं! म्हटलं, मी तर जातेच आहे, जाता जाता पोरीला तरी वाचवावं."

माझ्या जिभेवर आलं होतं. तू फक्त हो म्हणायला हवं होतंस. एक हो, आणि ती यादी तिथल्या तिथे फाटली असती. आज तू टेबलावर असतीस, मावशीही असती. ते मला धारेवर धरत नव्हते गं, मीच तुझ्यासाठी भांडत होते. हे सगळं मी ओरडून सांगणार होते, खरंच सांगणार होते. इतकी चिडले होते मी तिच्यावर.

पण ती ते पत्र पोटाशी धरून उभी होती. वळत नसलेला अंगठा पत्रावर तसाच ताठ होता.

"हो, आई," मी म्हणाले. "वाचवलंस."

"बघ," ती म्हणाली, "मला तुमच्या आकड्यांतलं काही कळत नाही, पण एवढं कळतं."